केव्हा यावं, असं विचारता

फोनवर सगळे तेच विचारतात:
केव्हा यावं?
थांबा, म्हणते मी, हात पुसते.
हात माझे ओलेच असतात,
समुद्रशेवाळाच्या दोरीला
नाहीतर कुणाच्या तरी चादरीला
पीळ देत असते मी.

मी म्वानाकोंबो. जांबियानीत चार खोल्या आहेत माझ्या.
पाचवीही आहे,
पण ती मी मोजत नाही.

मोसमाला आम्ही म्सिमू म्हणतो.
हा शब्द गलबतातून आला, किनाऱ्यावर उतरला
आणि परत गेलाच नाही.

डिसेंबरात या. कास्काझी असतो तेव्हा,
उत्तरेचा वारा, पाणी काचेसारखं,
आकाश अगदी फोटोतल्यासारखं.
दर दुप्पट.
पाणी तेव्हा इतकं तापतं
की दोरीवरच पांढरं पडतं आमचं शेवाळ.
हे मी सांगत नाही.
तुम्ही ते विचारलेलं नसतं.

जूननंतर कुसी. दक्षिणेकडून येतो,
नारळींना एकाच बाजूला विंचरून ठेवतो.
रात्री पांघरूण लागतं.
भाऊ माझा, वुआई, याच वाऱ्यावर शीड उभारतो.
आई म्हणायची, कुसीत लग्न ठरवू नका,
नवरा हळदीलाही सापडायचा नाही.

वुलीचा पाऊस नोव्हेंबरात,
साखर मागायला आलेल्या शेजारणीसारखा,
उंबऱ्यातूनच परत जाणारा.

आणि उपासाचा महिना?
तो कुठल्याच ऋतूचा नाही.
दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत
एकेका ऋतूच्या घरी पाहुणचार घेत फिरतो.
तेव्हा आलात तर दुपारचं ताट खोलीत झाकून ठेवीन,
संध्याकाळी मात्र
आमच्या चटईवर बसा.

एका बाईनं चिडून विचारलं होतं,
समुद्र कुठे गेला?
अमावास्येची ओहोटी होती,
पाणी मैलभर आत.
कामाला गेलाय, म्हटलं, दुपारी येईल.
आम्ही साऱ्याजणी त्या उघड्या तळावर
खुंट्या ठोकत होतो गुडघाभर चिखलात.
ती हसली नाही.
एका दिवसाचे पैसे परत दिले तिला.

मासिकात तेवढं येऊ नका.
मार्च ते मे. सगळेच सांगतात, मीही सांगते.
मोठी हॉटेलं दारं लावून घेतात,
बरणीत मीठ पाझरतं,
चपलांना बुरशी धरते.
वीज जाते ती जातेच.

तरी एकदा एकजण आला, एप्रिलात.
तिकीट स्वस्त होतं म्हणून.
टाउनो नाव, फिनलंडचा,
सारा जन्म ट्राम चालवून थकलेला.
चारही खोल्यांची शाकारणी लांबलेली,
म्हणून बाबांची दिली. पाचवी.
गळायची ती, पण एकाच जागी.
मी घमेलं ठेवलं.
अकरा दिवस पाऊस.
माकामेकाकांसमोर बाओच्या पाटावर बसून
तो रोज हरला,
बिया मोजायला शिकला आमच्या भाषेत,
मोजताना रोज सातावर अडला.
पोहला नाही. पाण्यात पायही घातला नाही.
जाताना म्हणाला,
समुद्र चांगला आहे तुमचा.
मी ऐकला.

अजूनही एप्रिल लागला की त्याचा फोन येतो.
केव्हा येऊ, असं तो विचारत नाही.
विचारतो, ती खोली गळते का अजून?
गळते, म्हणते मी.

छप्पर तर तिसऱ्याच वर्षी शाकारून घेतलं.
घमेलं हलवलेलं नाही.

असो. तुमचं काय ठरलं? डिसेंबर?
बरं. किती माणसं?
नाव सांगा, पण जरा सावकाश,
कागद भिजतोय.