पाचर

ती फळी मी केली होती.
गावभागात, आमच्या शेडमध्ये,
अठरा मिलीचा प्लाय, त्यावर तीन खुंट्या,
खुंट्यांना पिवळा ऑइलपेंट, सांगली हळदीची म्हणून.
केबलवर दर शुक्रवारी साडेआठला
'भाव सांगा, कडं टाका'.
वस्तू बघून किंमत ओळखायची,
पाच रुपयांच्या आत आली की एक कडं हातात.
पाच वस्तू, पाच कडी,
नऊ फुटांवरून टाकायची. तीन बसली तर फ्रिज.

फ्रिज एकच होता.
अडीच वर्षं तोच, स्टेजच्या कोपऱ्यात,
आत निवेदकाचा जेवणाचा डबा.
तो कुणाला गेला नाही, कारण
फळीच्या डाव्या पायाखाली बाभळीची पाचर होती,
पाऊण बोट जाड.
तीही मीच तासली.
"दिसायला नको फक्त," चौगुले म्हणाले,
आणि बिलात लिहिलं : किरकोळ लाकूडकाम, चाळीस रुपये.

भिलवडीची अनुसया कासार आली
बांगड्यांची पेटी वॉचमनच्या स्टुलाखाली ठेवून.
कुकरला नखानं टिचकी मारली, कान दिला.
"पाचशे वीस. रेटून धरलं तर चारशे ऐंशी."
लोक हसले. चिठ्ठीवर पाचशे वीसच.
इस्त्री, बॅटरी, सोलापुरी चादर
तिनं बाजारात उभं राहावं तशा उरकल्या.
भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाली,
"दोनशे मागत्यात, पर घेऊ नका कुणी."
घड्याळवाला पहिल्या रांगेत बसला होता.

पाच कडी.
प्रत्येकीत आतून अंगठा फिरवून बघितला तिनं,
माप घेतल्यासारखा.
पहिलं घसरलं.
दुसरं.
तिसरं खुंटीवर टेकलं, जरा थांबलं
आणि विचार बदलल्यागत खाली उतरलं.

मग ती थांबली.
कड्यांकडे नाही, फळीच्या पायांकडे बघत राहिली.
माईक चालू होता.
"कडी गोल हायती. हात बी ह्योच,
रोज पन्नास मनगटं दाबून बांगडी चढवतो.
फळी कलती हाय."

"मावशी, टाका हो!" निवेदक ओरडला.

चौथं तिनं खुंटीवर टाकलंच नाही.
डावीकडे, मोकळ्या हवेत सोडलं,
आणि ते येऊन खुंटीत बसलं.
पाचवंही.

दोन. फ्रिजला तीन लागतात.
दोनाला इस्त्री. ती तिनं खाली पायऱ्यांवरच विकली,
दीडशेला, रोख.
पेटी उचलताना माझ्याकडे बघितलं.
तोंडाकडे नाही, हातांकडे.
मी पक्कड खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी चौगुले म्हणाले, पाचर जाड करा.
केली. खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांनी भांडीवाल्यानं जाहिरात काढून घेतली,
तो भाग बंद झाला.
फ्रिज चौगुल्यांच्या मेव्हण्याकडे. गार होत नाही म्हणे.
फळी माझ्याकडे परत आली,
भाड्याचे पैसे अजून यायचेत.

एकोणीसच्या पुरात शेडमध्ये छातीएवढं पाणी.
प्लाय वहीसारखा पान पान सुटला.
पाचर तशीच्या तशी. बाभूळ ती.

गेल्या साली भिलवडीला गेलो होतो, पंपाच्या कामाला.
बाजारात ती बसली होती,
चष्मा लागलाय, पेटी नवी.
म्हटलं, डझनभर हिरव्या द्या.
"माप?"
एकोणचाळीस वर्षांचा संसार, आणि मला माप येईना.
अंदाजानं म्हणालो, अडीच.
तिनं माझ्या हातांकडे बघितलं. ओळखलं की नाही,
देव जाणे.
भाव सांगितला. मी केला नाही.
डझनावर एक जादा घातली,
"वाटंत फुटली तर," म्हणाली.

घरी बायकोनं हात पुढे केला.
तेरा बांगड्या चढल्या,
हात खाली सोडताच तेराही घसरून
फरशीवर.
एक फुटली.
"कुणाच्या मापाच्या आणल्या?" म्हणून ती हसत सुटली,
आणि मी वाकून
काचा वेचत राहिलो, बराच वेळ,
पलंगाच्या पायापर्यंत.