अज्ञात वाहन

हेल्मेटवर कॅमेरा बसवला तेव्हा
टपरीवरचे हसले,
"का बे, पिक्चर काढतं का?"
म्हटलं, साक्षीदार ठेवलाय पगारी.
खातो फक्त चार्जिंग.

माझ्या मागच्या डब्यात बर्फ,
बर्फात लोकांच्या थुंकीच्या बाटल्या.
अकरा गावं, एक प्रयोगशाळा,
बाराच्या आत पोचायचं.
वणीकडून कोळशाचे ट्रक येतात ताडपत्री फडफडवत,
बिनादिव्याच्या ट्रॉल्या, त्यांवर कापूस,
कापसावर झोपलेली माणसं,
मध्येच रोही.
सगळं उतरतं आत, तारीख-वेळेसकट.
कार्ड भरलं की जुना दिवस पुसून
त्याच्यावरच नवा चढतो.

अंकुश टेकामच्या वेळी साक्षीला कोणीच नव्हतं.
बोरगव्हाणच्या वळणावर
बाभळीला टेकून बसल्यासारखा सापडला,
चप्पल पायातच.
कागदावर दोन शब्द आले : अज्ञात वाहन.
त्याची आई कितीतरी दिवस विचारायची,
"हे अज्ञात म्हणजे कोणत्या कंपनीचं?"

म्हणून घेतला मी. पाच हप्त्यांत.

मार्चात, सव्वाअकराला,
त्याच वळणावर मला उडवलं.
खांद्याचं हाड, एक आरसा, सात बाटल्या.
तरी ठाण्यात गेलो तो ताठ मानेनं,
हात गळ्यात, पुरावा खिशात.
निखाडे हवालदारांनी मोबाइल आडवा धरला.
रस्ता सरळ येत होता,
पऱ्हाट्यांचे ढीग, मैलाचा दगड, एक कुत्रं.
मग वळण आलं
आणि रस्ता उजवीकडं सरकत सरकत
चौकटीबाहेर गेला.
पडद्यावर बाभूळ.
साल निघालेली जागा,
तिच्यावर वाळलेला डिंक.
तीन सेकंद. चार.
मग आवाज. मग आभाळ.

हवालदारांनी मागं नेलं, पुन्हा लावलं.
"गाडी कुठं हाये?"
पुन्हा लावलं.
"आता ह्या झाडाले अटक करू का, बापा?"
कोणी हसलं नाही.
मग त्यांनीच हळू विचारलं,
"काहून पाहत होता तिकडं?"

मी पाहतो हे मलाच माहीत नव्हतं.
घरी येऊन उरलेले दिवस लावून बघितले.
सोमवारी बाभूळ.
मंगळवारी बाभूळ.
बुधवारी उशीर झालेला, काटा सत्तरवर,
तरी बाभूळ.
कॅमेरा रस्त्याला लावलेला नसतो,
मानेला लावलेला असतो.

कागदावर पुन्हा तेच दोन शब्द.
अक्षरही तेच.

आभाळाच्या पुढं ठाण्यात कोणी पाहिलंच नाही.
पुढं नऊ मिनिटं आहेत.
आधी नुसतं निळं, एक घार.
पऱ्हाटीचा भारा धप्पकन टाकल्याचा आवाज.
"अजी, उठू नका जी. पडून राहा."
मग आभाळावर पदर येतो,
विरलेला, हिरवा,
त्यातून ऊन गाळून पडतं.
कोणीतरी पोर विचारतं, हे का सांडलं वं?
"हात नोको लावू. कोणाच्या घरचं असंन."
नऊ मिनिटं तो पदर हलत नाही,
म्हणजे थरथरतो, धरून धरून हात दुखत असणार,
पण बाजूला होत नाही.
चेहरा कुठंच नाही तिचा.
गावही नाही.

तेवढी एक फाइल मी कुलूप लावून ठेवली आहे,
नवे दिवस तिच्यावर चढत नाहीत.

अंकुशच्या आईला दाखवली.
वाटलं होतं, बाभळीपाशी थांब म्हणेल.
बाभूळ तिनं जाऊ दिली.
पदर आला तेव्हा म्हणाली, थांब.
पुष्कळ वेळ मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसली.
"माया पोरापाशी बसलं असंन का रे
कोणी असं?"

मी हो म्हणालो,
होतं ना, एक बाई होती.

कॅमेरा तेव्हा बंद होता.