पाच मीटर

इंजिनियरनं खडकावर लाल रेघ मारली,
म्हणाला, पाणी इथवर उतरवायचं. पाच मीटर.
आम्ही रेघेकडे पाहिलं, मग हातातल्या पहारींकडे.
यंत्र इथं चढत नाही;
शेवटच्या वळणावर याकसुद्धा अडून बसतो.

भूतानचं हे उत्तर टोक.
वर वितळतं बर्फ, खाली दगडमातीचा कच्चा बांध,
आणि मधे हे तळं, नाकापर्यंत जेवलेलं.
ढेकर जरी दिला तरी
खालची सात गावं जातील.

गुडघाभर पाण्यात उभं राहून दगड उचलायचा,
शेजारच्याला द्यायचा, त्यानं त्याच्या शेजारच्याला.
गमबूट मिळाले होते. पहिल्याच आठवड्यात फुटले.
दहा मिनिटांनी पाय आपले राहत नाहीत,
मग ते दुसऱ्या कुणाचे समजून वापरायचे.

ल्हादेन म्हणायची, तळ्यातल्या बाईला राग येईल,
आपण तिचं छप्पर खाली ओढतोय.
रोज सकाळी ती काठावर वाटीभर दूध ओतायची
आणि माफी मागायची, आमच्या सगळ्यांची नावं घेऊन.
इंजिनियर हसला.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, माझंही घे.

संध्याकाळी मोजपट्टी.
दोन बोटं. कधी अर्धंच.
एकदा रात्री वरचा कडा तळ्यात कोसळला,
सकाळी पाणी पुन्हा जुन्या खुणेवर.
कुणी काही बोललं नाही.
त्या दिवशी चहात लोणी जरा जास्त पडलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात केझांग
डोकं धरून खाली बसला तो उठलाच नाही.
दुपारपर्यंत रांगेत त्याच्याएवढी फट होती,
मग दोन्हीकडच्यांनी
हात थोडे लांब केले.

चौथ्या वर्षी रेघ उघडी पडली. ओली, लाल.
आम्ही तिला हात लावून पाहिला.
मजुरीच्या वहीवर सह्या, अंगठे,
आणि उतरताना नऊ दिवस.

मावशी छपरावर मिरच्या वाळत घालत होती.
मागच्या पुरात हिच्या देवघरात मासा सापडला होता,
जिवंत, दिव्याच्या ताटात.
तिनं वरूनच विचारलं, चार उन्हाळे काय केलंत गं तिकडे?
नदी तर होती तशीच आहे.

हो, मी म्हणाले, होती तशीच आहे.
आणि शिडी चढून
मिरच्या उलटायला बसले.