हातचा एक

पाचवीत मिसेस टॉलेफसननं फळ्यापाशी उभं केलं
आणि बेरजेतला हातचा मी विसरले.
वर्ग हसला. खडूची भुकटी बुटांवर सांडली.
तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं
मी गणिताच्या वाटेला गेले नाही.
तेही बिचारं माझ्या वाटेला आलं नाही फारसं,
गल्ला मशीनच मोजायचं.

डलुथ. जानेवारी. सरोवर काठापासून आत गोठत निघालेलं.
सव्वीस वर्षं बायकांचे केस रंगवले मी या गावात,
आता बोटं पेरापेरांतून उकलतात,
हातमोज्यांच्या आतसुद्धा.
‘काम सोडा,’ त्वचेची डॉक्टर म्हणाली,
मान वर न करता.
सोडा मला तोवर ठाऊक होता तो डब्यातला,
फ्रिजचा वास घालवायला ठेवतात तो.

पाणी शुद्ध करायच्या केंद्रात जागा निघतात.
अट : रसायनशास्त्र, प्राथमिक.
म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सहाला,
एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये मी,
वाचायचा चष्मा, त्यावर प्रयोगाचा चष्मा.

ओकरलुंड सर फळ्यावर लिहितात : मोल.
सहा, आणि त्यापुढे तेवीस घरं.
पोरं उतरवून घेऊन मोकळी होतात.
मी घरं मोजते, बोटानं, दोनदा.
एकदा बावीस येतात, एकदा चोवीस.
जन्मभर मोलानं राबलेल्या बाईला
मोल कळू नये!

पहिल्या चाचणीत बत्तीस. शंभरांपैकी.
गाडीत बसून राहिले,
काच आतून धुरकट होईपर्यंत.

शिकवणीच्या खोलीत होदान भेटली.
गुलाबी हिजाब, कुरतडलेली नखं, माझ्या मुलीहून लहान.
म्हणाली, आकड्यांकडे बघूच नका.
हात ठेवा त्यांच्यावर, झाका.
हे बघा, वर ग्रॅम, खाली ग्रॅम. काट.
लिटर उरला? लिटरच हवा होता ना?
आता उघडा आकडे.
‘आणि अपूर्णांक?’
‘तो भागाकारच. कुणीतरी कंटाळून अर्ध्यावर टाकलेला.’
गुणाकार करताना ती सोमालीत पुटपुटते,
मी ओठांतल्या ओठांत.
सातचा पाढा दोघींचाही कच्चा निघाला.

मार्चमधली परीक्षा. प्रश्न नववा :
बारा टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून
नऊ टक्क्यांचं शंभर मिलिलिटर कसं कराल?
मी हसले. मोठ्यानं. सरांनी पाहिलं.
अहो, ह्या तर मिसेस पेल्टोनेन, दर सहा आठवड्यांनी!
कडक बाटलीनं त्यांचं डोकं जळजळतं म्हणून
तीन वाट्या ते, एक वाटी पाणी.
लिहिलं : पंचाहत्तर ते, पंचवीस पाणी.
आणि खाली, राहवलं नाही म्हणून :
वाडगा प्लास्टिकचा घ्यावा. धातूचा नको.

उत्तर बरोबर. दोन गुण कापले,
रीत दाखवली नाही म्हणून.
शेजारी हिरव्या शाईत सरांचा प्रश्न : धातूचा का नको?
का ते मला माहीत नव्हतं.
सव्वीस वर्षं नुसतं माहीत होतं.

गुरुवारी त्यांनी परीक्षानळीत गंजका खिळा सोडला.
पेरॉक्साइड फसफसत काठापर्यंत आलं,
नळी गरम झाली.
पोरांनी फोन काढले.
मी हात मागे घेतला, बोटांना आठवलं म्हणून,
आणि मग पुन्हा पुढे केला.

मे महिन्यात निकाल : त्रेसष्ट.
साठला पास. तीन वरचे.
होदानला दालचिनीचे पाव नेले, ती म्हणाली तीन खूप झाले,
त्यातला एक हातचा ठेवा,
पुढच्या भागात लॉगरिदम आहेत.
‘ते काय असतं?’
‘घरं मोजायची. बस.’

पुलाखालून लोखंडाच्या मातीचं जहाज चाललं होतं,
पूल वर उचललेला, गाड्या खोळंबलेल्या.
वही उघडून स्टिअरिंगवर टेकवली.
सहा, आणि त्यापुढे...
तेवीस.
खात्रीसाठी आणखी एकदा.