फेरीची पाटी

पहाटे सहाला उर्वेचा फोन:
पूर्वेच्या वाऱ्यानं रात्रभर पाणी ढकललंय,
हेल्टरमाच्या धक्क्यावर तळाचे दगड दिसतायत,
पावणेआठची फेरी सुटत नाही.
पानावर मात्र अजून ‘वेळेवर’.

अंथरुणातूनच लॅपटॉप ओढते.
युरोच्या देशात डॉलरचं चिन्ह उमटवते,
कंसात त्या चौकटीचं नाव,
एक टिंब, मग नवा मजकूर,
खाली तेच बटण.
फाइल सर्व्हरवर चढवते.
लायब्ररीचं काम एवढंच:
घर तेच, बिऱ्हाड बदललं.
नोटीस नाही, जिन्यात ट्रंका नाहीत,
पापणी लवते न लवते तोच
‘वेळेवर’ कधी नव्हतंच.

वडील याच धक्क्यावर पाटी लिहायचे.
लाकडी, काळी, तिकीटघराच्या भिंतीला.
पुसायचे कोटाच्या बाहीनं,
म्हणून ‘रद्द’च्या खाली कालचं सात पंचेचाळीस पुसट दिसायचं,
त्याच्याही खाली परवाचं धुकं.
बाही पांढरी होऊन घरी यायची
आणि आई दारातच अडवायची.

सातला पुन्हा उर्वे.
मजकूर बरोबर आहे गं,
पण ‘तिकीट बदला’ दाबलं की काहीच होत नाही.
अकरा गाड्या रांगेत, काचा वाफेनं धुरकट,
पुढून तिसऱ्या गाडीत लेम्बित,
आज त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन पलीकडे,
हातमोजा काढून दाबतो,
घालतो,
परत काढतो.

मग ट्यूब पेटते.
आतलं सगळं काढलं तेव्हा बटणही निघालं.
हे दुसरं. तोच निळा, तीच गोलाई,
पण ऐकायला मी शिकवलं होतं ते जुन्याला.
ते गेलं, कान घेऊन गेलं.
हे नुसतं बटणासारखं दिसतंय.

ऐकण्याचं काम बाहेरच्या चौकटीवर सोपवते.
आत कोणी का राहायला येईना,
हाक निदान उंबऱ्याशी थांबेल.

सात अडतीस.
लेम्बितला दुपारची फेरी मिळते,
पाणी चढलं तर.
दवाखाना म्हणतो, बघू.

न्याहारीला वडील पावावर लोणी फासत विचारतात,
पाटी पुसलीस?
पुसली.
कशानं?