सायकली लांब ठेवा

आज शाळेच्या आसपास सायकल आणायची नाही.
घंटीवरून घोटाळा होतो.
हे सांगायला पहाटेपासून मीच उभा कडुनिंबाखाली,
ज्याचं पोट सायकलींच्या दुरुस्तीवर चालतं!

गांबिया नदीच्या या काठावर
मत म्हणजे काचेची गोटी.
पडद्याआड तीन रंगांची तीन पिंपं,
प्रत्येकावर एक हसरा फोटो.
वरच्या नळीत गोटी सोडायची,
आतल्या घंटीवर ती आपटते,
टिण्ण,
आणि भुशात पडून गप्प होते.
माणशी एकच टिण्ण.
दुसरं ऐकू आलं तर बाकावरचे सगळे उठून उभे राहतात.

न्यिमा सान्यांग आली कांद्याच्या वाफ्यातून,
पाठीला नातू, नखांत माती.
मागच्या खेपेला केबा दार्बोनं तिला
हातपंपाचा शब्द दिला होता.
पंपाचा दांडा दुसऱ्याच वर्षी मोडला.
पुढची तीन वर्षं ती रोज ओढ्यापर्यंत गेली,
भांडली नाही, शिव्याशाप नाहीत,
फक्त खेपा लक्षात ठेवल्या.
आत गेली.
टिण्ण.
नातू दचकून रडला, एवढंच.

रात्री कंदिलाच्या उजेडात
गोट्या लाकडी तबकात ओतल्या.
दोनशे खळगे, दोनशे गोट्या.
खळग्याशी वाद कोण घालणार?
केबा अकरांनी पडला.
त्यानं एक गोटी उचलली, कंदिलासमोर धरली,
उलटसुलट करून पाहिली.
नाव नव्हतं तिच्यावर.
म्हणाला, "ही कुणाचीही असेल,"
आणि पहिल्यांदाच
सगळ्यांच्या तोंडाकडे नीट बघत घरी गेला.

आठवड्यानं हावा तुंकारा दुकानात आली,
निवडून आलेली.
हार नाही, गाडी नाही, हातात मोडका दांडा.
"तुझ्याकडे याला बसेल असं बेअरिंग आहे का?"
होतं. जुन्या मागच्या चाकातलं.
पैसे दिले, वर पावती मागितली.
पावती! माझ्याकडे वहीच नव्हती;
सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून लिहून दिली.

पाणी अजून गढूळच येतं.
हावा काही देवदूत नाही,
शाळेच्या छपराचं विचारलं की विषय बदलते.
पण गोट्या धुऊन, मोजून
पुन्हा पोत्यात भरल्यात, हे तिला ठाऊक आहे.
बाजारातून जाताना
मागून कुणा पोरानं सायकलची घंटी वाजवली,
की ती थांबते,
वळून बघते.