निरंक

फॉर्मवर पत्त्याचा रकाना होता.
मी लिहिलं: सेटलमेंट, सोलापूर.
हवालदार बिराजदारांनी चष्मा कपाळावर ढकलला,
म्हणाले, 'हं.'
एवढंच.
पंखा फिरत होता, वारा देत नव्हता.

'कशाला पाहिजे दाखला?'
एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष, सर. क्षेत्रकार्य.
अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या मागं
मतिमंद मुलांचं बालगृह आहे,
पोलीस पडताळणी असल्याशिवाय
मुलांपाशी सोडत नाहीत.
'बरोबरच आहे की,' ते म्हणाले,
आणि पेनचं टोपण दातात धरून विचारलं,
'या पत्त्यावर कधीपासून?'

कधीपासून.
माझा पणजा या गावात आपण होऊन आला नाही.
त्याला आणलं, तारेच्या आत ठेवलं.
त्यानं काही चोरायच्या आधीच
त्याचं नाव वहीत चढलं होतं.
दिवसातून तीनदा हजेरी, रात्रीची वेगळी.
गिरणीत जायचं तर पास, बाजारात जायचं तर पास,
बहिणीच्या मयतीचा पास मिळाला
तोवर सावडणंही उरकलं होतं.
आजोबा तारेच्या आतच जन्मले.
सांगायचे, बारशाआधी माझी हजेरी लागली.
तार तुटली त्या दिवशी
तिचा हातभर तुकडा त्यांनी घरी आणला.
अजून आहे मोरीपाशी. आई त्याच्यावर फडकी वाळत घालते.
काटे बोथट झालेत, तरी
ओढणी अडकते कधी कधी.

रकाना बोटभर होता.
मी लिहिलं: जन्मापासून.

आई म्हणाली होती, नको जाऊ.
आपल्या माणसांनी सह्या-अंगठे द्यायचे तेवढे दिले,
तू बँकेच्या परीक्षा दे.
आईला मी इरेशचं सांगितलं नाही.

इरेश तेरा वर्षांचा. बोलत नाही.
पहिल्या दिवशी नुसतं दारातून बघायला गेले,
पेन काढायला पिशवीत हात घातला
तर तो भिंतीला पाठ लावून खाली बसला,
शर्टाचं वरचं बटण मुठीत घट्ट धरून.
म्याकल मॅडम नंतर जिन्यात म्हणाल्या,
आधी एक सर यायचे. शनिवारी, चित्रकलेला.
चांगल्या घरचे.
त्यांना कुणी काही विचारलंच नाही गं,
पत्ता ऐकूनच आम्ही खुर्ची दिली.

म्हणून मी बिराजदारांसमोर बसून राहिले.
विचारा. अजून विचारा.
आईचं माहेर, मामाची कोर्टातली तारीख, सगळं विचारा.
पण त्या सरांनाही विचारा,
याच खुर्चीवर, याच पंख्याखाली,
'हं' म्हणायचं तर त्यांनाही म्हणा.
हे सगळं मनात.
तोंडानं म्हणाले, कधी मिळेल, सर?

एकवीस दिवसांनी मिळाला.
सदर अर्जदाराविरुद्ध अभिलेखावर गुन्हे: निरंक.
आईनं पदराला हात पुसून कागद धरला.
'निरंक म्हंजे?'
काही नाही. शून्य.
'मग काही नाहीवर एवढा मोठा शिक्का?'
आणि तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला निघाली,
कडेकडेनं, घडी मोडू न देता.
म्हटलं, अगं झेरॉक्स ठेव,
मूळ प्रत द्यायचीय.

मॅडमनी कागदाला दोन भोकं पाडली,
फाईलला लावला,
दार उघडलं.

इरेशला वाचता येत नाही.
मी उंबऱ्याशीच बसले, हात मांडीवर,
तळवे वर, त्याला दिसतील असे.
तासभर मागच्या कारखान्यात मागांची खटखट.
त्यानं एकदा बघितलं.
बुधवारी पुन्हा.
शुक्रवारी बटण मुठीतच होतं,
मूठ मात्र जरा सैल.

त्याची पडताळणी चालू आहे.
तारीख दिलेली नाही.